यात माशी पडली आहे

इंदूरमध्ये घरगुती समारंभांसाठी सरबते करून देण्याचे काम मी गेली नऊ वर्षे करते आहे. डोहाळजेवण, मुंज, साखरपुडा, साठीशांत असे काही असले की यजमानांच्या स्वयंपाकघरातला अर्धा ओटा मला मोकळा करून मिळतो आणि पाहुण्यांच्या हातात पेला पोचेपर्यंतची सगळी जबाबदारी माझी असते. याला ‘मॉकटेल’ म्हणणाऱ्यांना मी दुरुस्त करत नाही, कारण त्या शब्दाचे दोन पैसे जास्त मिळतात. मात्र दारूच्या पेल्याची नक्कल करणे हा माझा धंदा नव्हे. माठात वाळ्याची जुडी आणि रात्री उमललेला मोगरा टाकणाऱ्या आमच्या आज्यांना कोणाचीही नक्कल करावी लागली नव्हती.

ज्या दिवसाविषयी लिहिते आहे तो गेल्या वर्षीच्या चैत्रातला. राजेंद्रनगरमधल्या एका जुन्या घरात आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन होते. साठ पाहुणे येणार होते. आजींना पन्हे हवे होते, सूनबाईंना ‘काहीतरी वेगळे, निळे’ हवे होते आणि आजोबांना साखर बेताची चालणार होती. मी तिन्ही मान्य केले. त्यांतले निळे, म्हणजे गोकर्ण, वाळा आणि मोगरा यांचे सरबत, ही माझ्या हातची चीज आहे, हे मी संकोच न करता लिहिते.

त्यात मोगऱ्याचा पाक सर्वांत अवघड आहे. मोगऱ्याचा वास कढवून मिळत नाही. उकळत्या पाण्यात फूल टाकले की भाजीच्या पाण्यासारखा वास येतो. म्हणून मी संध्याकाळी, उमलायच्या बेतात आलेल्या कळ्या गच्चीतल्या कुंड्यांतून खुडते आणि काचेच्या बरणीत साखरेचा एक थर, कळ्यांचा एक थर अशा रचून ठेवते. कळ्या रात्रभरात साखरेतच उमलतात आणि आपला वास तिच्यात सोडतात. पाकळ्यांच्या कडा तांबूस व्हायच्या आत, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास, त्या वेचून काढाव्या लागतात. उशीर झाला तर साखरेला कुजका कडवटपणा येतो आणि मग ती कशातही खपत नाही. असे त्याच साखरेवर तीन रात्री ताज्या कळ्यांनी करायचे. चौथ्या दिवशी ती साखर कोमट पाण्यात, विस्तवावर न ठेवता, विरघळवायची. बाजारातल्या इसेन्सचे चार थेंब टाकून हेच काम चार सेकंदांत होते, हे मला ठाऊक आहे आणि पुष्कळ केटरर तेच करतात. तो वास घोट संपण्याआधीच संपतो.

वाळ्याच्या मुळांची माती जाईपर्यंत ती धुऊन, सुतळीने बांधून, उकळून गार केलेल्या पाण्यात आठ-दहा तास ठेवावी लागतात. त्या पाण्याला फिकट चहासारखा रंग येतो, आणि दर समारंभात कोणीतरी मला विचारतेच, की वाळा आहे तर हिरवा का नाही. हिरवा रंग बाटलीतल्या खस सरबताचा असतो, मुळांचा नव्हे. गोकर्णाचे मात्र खरोखर निळे निघते. दहा-बारा सुकी फुले कपभर गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवली की शाईसारखा अर्क मिळतो, आणि त्यात लिंबू पडले की आम्लाने तो जांभळा होतो. लोकांना जादू वाटते ती हीच. या जादूला पाणी मात्र योग्य लागते. बोअरच्या जड पाण्यात निळ्याला हिरवट झाक येते, शिवाय पाण्यातला क्षार लिंबाचा आंबटपणा खाऊन टाकतो. नर्मदेचे पाणी इंदूरला १९७८ साली आले. जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपांनी चढवत आणलेले ते पाणी आले नसते, तर माझे निळे सरबत या शहरात झालेच नसते, असे मी गंमतीने म्हणते. ज्या वस्तीत बोअर आहे तिथे मी पाणी घरून नेते.

पेल्यात तळाशी मोगऱ्याचा पाक, लिंबाचा रस आणि आल्याच्या रसाचे चार थेंब घालायचे. दारूची चरचर नसते तिथे घशाला थोडे काहीतरी जाणवावे लागते, नाहीतर ते नुसते गोड पाणी होते. लिंबाची साल वरून पिळायची, म्हणजे तिचे तेल तरंगते आणि शेवटी किंचित कडवटपणा येतो. मग काठोकाठ बर्फ, त्यावर वाळ्याचे पाणी आणि सर्वांत शेवटी चमच्याच्या पाठीवरून, बर्फावर, सावकाश गोकर्णाचा अर्क. खालचा पाक जड असल्यामुळे निळे वरच राहते आणि पाहुण्याने ढवळल्यावरच रंग फिरतो. बर्फ भरपूर नसेल तर थर टिकत नाही. म्हणून बर्फ नेहमी माझा असतो, उकळलेल्या पाण्याचा, प्रत्येक खड्यात गोकर्णाचे एक फूल गोठवलेला. बाहेरची लादी मी कधी घेत नाही आणि यजमानांच्या फ्रीजमधला बर्फही घेत नाही. हा माझा नियम आहे, आणि त्या दिवशी तो मोडला.

गुरुजींना यायला दीड तास उशीर झाला. पारा चाळिशीला टेकला होता, माझी बर्फाची पेटी जुनी होती, आणि एक्क्याऐंशी दिव्यांचे ताट तयार होईपर्यंत पेटीच्या तळाशी पाणीच जास्त होते. दोन खेपा वाटून झाल्यावर माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, “दीदी, बर्फ खतम.” मी तेव्हा आजींच्या पन्ह्यात वेलची किती, या वादात अडकले होते. सूनबाईंनी लगेच सांगितले, “ताई, मी पण केलाय ना बर्फ, तुमच्यासारखाच. घ्या त्यातला.” मी मान हलवली. तिने आदल्या रात्री तीन ट्रे बर्फ करून ठेवला होता. त्या बर्फाकडे मी पाहिलेही नाही. मुलाने चौदा पेल्यांची एक थाळी भरली आणि ती सरळ पुढच्या ओळीत, आजोबांकडे गेली.

मी हात पुसून बाहेर आले तेव्हा औक्षण चालू होते आणि आजोबांच्या हातात पेला तसाच होता. दिव्यांच्या उजेडात वरच्या निळ्यात एक खडा वितळताना दिसत होता, आणि त्याच्या आत गुलाबी फूल होते. दाट पाकळ्यांचे, लांबून छोट्या गुलाबासारखे. खडा एका बाजूने फिरला आणि पाकळ्यांच्या बुडाशी, फुलाच्या घशापाशी, कातरलेल्या कागदासारखी झालर दिसली. गुलाबाला ती नसते. एक अरुंद पानही शेजारी चिकटले होते. फाटकाशी दुहेरी कण्हेरीचे मोठे झाड होते. सकाळी मी त्याच्याच सावलीत गाडी लावली होती.

कण्हेरीचे फूल, पान, साल, मूळ, सगळेच विषारी असते, आणि ते विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही, गोठवून तर नाहीच. त्यातली द्रव्ये हृदयावर काम करतात, ज्या डिजॉक्सिनच्या गोळ्या हृदयविकारात देतात त्यांच्याच जातीने. ठोके मंदावतात, बिघडतात. साखर बेताची ठेवा असे सांगताना आजींनी मला आजोबांची औषधे वाचून दाखवली होती आणि त्यांत ती गोळी होती.

मी पुढे झाले, त्यांच्या हातातून पेला घेतला आणि म्हणाले, “आजोबा, यात माशी पडली आहे, दुसरा देते.”

त्या वाक्यावर मी अजून अडकलेली आहे. मला भर समारंभात सूनबाईंना उघडे पाडायचे नव्हते, आजोबांना घाबरवायचे नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्या ओट्यावरून विष बाहेर गेले हे मला साठ माणसांसमोर उच्चारायचे नव्हते. या तिन्हींपैकी कोणते कारण पहिले होते, हे मी स्वतःशीही नीट कबूल केलेले नाही. ‘माशी’ म्हटल्यावर लोक हसले, दोघा-तिघांनी आपापल्या पेल्यात डोकावून पाहिले आणि पिणे चालू ठेवले. मी आणि माझ्या हाताखालचा मुलगा मुकाट्याने पेले गोळा करत फिरलो. तेरा मिळाले. चौदावा आतल्या खोलीत नऊ वर्षांच्या एका मुलीकडे होता. तिने सरबत टाकून दिले होते आणि फुलाचा खडा चॉकलेटसारखा चोखत बसली होती. मला ती सापडली तेव्हा तीन-चार मिनिटे गेली होती. मी पहिल्याच क्षणी ‘कोणी पिऊ नका’ असे ओरडले असते, तर तिने तो थुंकला असता.

मग मात्र मी स्पष्ट सांगितले. पाहुण्यांत दोन डॉक्टर होते. हाडांचे जे होते ते म्हणाले, इतक्याने काही होत नाही. दातांच्या ज्या बाई होत्या त्यांनी मुलीला चूळ भरायला लावली, मोटारीची किल्ली उचलली आणि रुग्णालयात फोन केला. डॉक्टरांमध्येही माणसे दोन प्रकारची असतात आणि ते पदवीवरून कळत नाही. रुग्णालयात ‘कनेर’ एवढा एकच शब्द पुरला. किती, केव्हा, चावले की चोखले, एवढेच प्रश्न आले. एका काकांचा अर्धा पेला संपला होता, त्यांनाही नेले. दोघांचा ईसीजी काढला, रात्रीपर्यंत देखरेखीखाली ठेवले आणि सोडले. कोणालाही काहीही झाले नाही. ‘काही झाले नाही’ हेच पुढे माझ्याविरुद्ध बोलले गेले: उगाच कार्याचा विचका केला, औक्षण अर्धवट राहिले, बाईंनी नाटक केले.

सूनबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. “देवाला वाहतो ना ताई आपण कण्हेर,” ती म्हणाली, “देवाला वाहतो ते विषारी कसं असेल?” मी तिला रागाने सांगणार होते, की धोत्राही वाहतो आणि रुईची माळ तर दर शनिवारी मारुतीच्या गळ्यात असते. तेवढ्यात तिने फ्रीजवरच्या चुंबकाखालचा एक कागद काढून माझ्यापुढे धरला. तो माझाच होता. फेब्रुवारीत एका महिला मंडळात मी फुलांच्या सरबतांचा दोन तासांचा वर्ग घेतला होता, त्यात वाटलेला. हळदीच्या बोटांचे डाग पडलेल्या त्या कागदावर माझ्याच शब्दांत लिहिले होते: ‘हार-गजऱ्यांची फुले वापरू नयेत, त्यांवर फवारणी असते. फुले नेहमी घरच्या बागेतलीच घ्यावीत.’ खाली तिने पेन्सिलने एक ओळ टिपून घेतली होती: ‘गुलाबी कोणतेही चालेल?’ आणि पुढे, ‘हो, घरचे असेल तर.’

असा प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. मात्र तो मी नीट न ऐकता, पाक ढवळता ढवळता, हसून असेच उत्तर दिले असणार, हे मला पटते, कारण त्या दोन तासांत माझे सगळे लक्ष फवारणीवर होते. औषध मारलेल्या फुलांचा मला इतका राग आहे, की फूल कुठून आले एवढेच मी शिकवले. ते कोणते, हे माझ्या हातांना ठाऊक असते, म्हणून ते सांगावे लागते हे सुचलेच नाही. निळ्या बर्फात गोकर्ण पाहून तिने गुलाबी बर्फात घरचे फूल घातले. तिने माझा वर्ग मन लावून ऐकला होता, इतकेच.

आता माझ्या कागदाची मागची बाजू कोरी नाही. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, रुई, कळलावी, सदाफुली, घाणेरी, आणि मोगऱ्याच्या नावाखाली टोपलीत येणारी तगर, यांची चित्रे त्यावर आहेत. कण्हेर ठेवलेल्या फुलदाणीतले पाणीही पिऊ नये, असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. वर्गात बायका पहिली बाजू वाचतात आणि घडी घालतात. मग मी ती उलगडायला लावते. बर्फाची पेटी नवी घेतली.

दहा-बारा दिवसांनी आजोबांचा स्वतःचा फोन आला. माझे निळे सरबत राहिलेच, ते म्हणाले. मी पाक, वाळ्याचे पाणी आणि अर्क वेगवेगळ्या बाटल्यांतून घेऊन गेले. फाटकाशी कण्हेर तशीच फुललेली होती, झाडाखाली पाकळ्यांचा सडा होता. सूनबाईंनी पेला आणि चमचा आणून ठेवला आणि ती आत गेली. बर्फ मी घातला नाही, त्यामुळे थर नीट बसला नाही. वरचे निळे कडेने जांभळे होऊ लागले. आजोबांनी ते ढवळले नाही. पेला खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला.

“त्या दिवशी मी चष्मा लावलेला होता,” ते म्हणाले. “माशी काही मला दिसली नाही हो.”

मी त्यांना सगळे सांगितले, तीन-चार मिनिटांसकट. त्यांनी ऐकून घेतले, एक घोट घेतला आणि आले थोडे जास्त झाले आहे असे म्हणाले. ते खरे होते.