घंटा वाजल्यानंतर

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा अखेरचा भाग आपल्याकडे २० मे २०१९ च्या सोमवारी सकाळी साडेसहाला आला, कारण अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र होती. आदल्याच दिवशी लोकसभा निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्याचे मतदान आटोपले होते आणि संध्याकाळभर घरोघरी मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे ऐकले गेले होते. स्पॉयलर कानावर पडू नये म्हणून कचेरीला जाण्यापूर्वीच हॉटस्टार उघडून बसलेल्या भारतीय प्रेक्षकाला मग त्या भागात काय पाहायला मिळाले? सात राज्यांचे सरदार नवा राजा ठरवायला जमले आहेत, सॅमवेल टार्ली चाचरत उठतो आणि सुचवतो की ज्यांच्यावर राज्य करायचे, त्या सगळ्यांनाच विचारले तर? त्यावर ते सरदार खो खो हसतात, मग कुत्र्याघोड्यांनाही मत द्यायचे का, अशी थट्टा करतात आणि सॅम मुकाट्याने खाली बसतो. माझ्या मते त्या संपूर्ण आठव्या, अखेरच्या सीझनमधला हा एकमेव विनोद खऱ्या अर्थाने जमलेला होता, आणि तो आपल्याकडे जितका रंगला तितका अन्यत्र रंगला असेल असे वाटत नाही.

बाकीच्या सीझनविषयी मात्र अजून एकमत नाही. आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. शेवट योग्यच होता, तुम्हाला तो सोसला नाही इतकेच, असे माझ्या भाच्याचे ठाम म्हणणे आहे आणि मी विरोधी पक्षात आहे. लग्नकार्यात, प्रवासात, दिवाळीच्या फराळावर हा वाद नव्याने सुरू होतो. त्यात सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या, ड्रॅगनवाल्या राणीचे, डेनेरिसचे, नाव निघाले की पाहुणे हळूच दुसऱ्या खोलीत जातात.

डेनेरिसचा खटला मुळातच लढवण्याजोगा आहे. या सीझनच्या पाचव्या भागात किंग्ज लँडिंग ही राजधानी शरण येते, शरणागतीच्या घंटा वाजतात, युद्ध जिंकलेले असते, आणि त्यानंतर ती ड्रॅगनवर बसून गल्लीबोळांतली निरपराध माणसे जाळत सुटते. भाच्याच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. मेरीन शहराच्या गुलाममालकांनी १६३ गुलाम मुलांना रस्त्याकडेच्या खांबांवर ठोकले, तेव्हा तिने मोजून १६३ मालकांना तशीच शिक्षा दिली. सातव्या सीझनमध्ये गुडघे टेकायला नकार देणाऱ्या टार्ली पितापुत्रांना, म्हणजे सॅमच्या वडिलांना आणि भावाला, तिने जिवंत जाळले. आणि नगरे भस्म करण्याची धमकी तर तिच्या तोंडी दुसऱ्या सीझनपासून आहे. “मामा, तिने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, तुम्हीच टाळ्या वाजवत होतात,” असे तो मला सुनावतो. टाळ्या वाजवल्या होत्या, हे खरेच आहे. त्या काळात अमेरिकेत नि इंग्लंडमध्ये शेकडो आईबापांनी मुलींचे नाव तिच्या बिरुदावरून खलीसी ठेवले होते, त्यांच्यापुढे माझ्या टाळ्या किरकोळ म्हणायच्या.

पण याच खटल्यात दुसरा एक पुरावा आहे आणि तो चौथ्या सीझनच्या अखेरीस नोंदला गेला आहे. एक मेंढपाळ आपल्या चिमुरड्या मुलीची जळालेली हाडे फडक्यात बांधून डेनेरिसच्या दरबारात आणतो. ते पाहून, ज्यांना ती आपली मुले म्हणते त्या हाती लागलेल्या दोन ड्रॅगनना ती स्वतः तळघरात साखळदंडांनी जखडते आणि रडत बाहेर पडते. एका मुलीसाठी जिने हे केले, तिने एका शहरातल्या हजारो मुली जाळाव्यात, हे अशक्य आहे असे मी म्हणत नाही. माणूस तिथवर पोहोचू शकतो आणि बापाच्या वेडाचा वारसा तर तिच्या रक्तात आहेच. मात्र त्या तळघरापासून त्या घंटेपर्यंतचा रस्ता आम्हाला दाखवायला हवा होता. तो दाखवला असता, तर मी रडत का होईना, पण मान्य केले असते. मालिकेने त्यासाठी एक ड्रॅगन, एक सखी, एक सल्लागार आणि प्रियकर जॉन स्नोचे प्रेम असे सारे काही दोन-तीन भागांत तिच्यापासून हिरावून घेतले आणि मग आता ती बिघडली असे समजा, म्हणून आमच्याकडे पाहिले.

इथे दोष प्रेक्षकांच्या अपेक्षांचा आहे, असे मालिकेची बाजू घेणारे म्हणतात, आणि ते एका वेगळ्या अर्थाने बरोबर आहे. त्या अपेक्षा आमच्या नव्हत्या, मालिकेनेच आम्हाला लावलेली ती सवय होती. २०११ साली पहिल्या सीझनच्या नवव्या भागात उत्तरेचा सरदार नेड स्टार्क याचे डोके उडाले, ते लेखकाला धक्का द्यायचा होता म्हणून नव्हे. नेडने आपले पत्ते राणी सर्सीला आधीच दाखवून ठेवले होते म्हणून. तिसऱ्या सीझनमध्ये नेडच्या मुलाची, रॉबची, त्याच्या आईसह आणि सैन्यासह लग्नघरात कत्तल झाली, कारण त्याने फ्रे घराण्याला दिलेला सोयरिकीचा शब्द मोडला होता. अंतराचेही तसेच होते. राजाचा लवाजमा किंग्ज लँडिंगहून उत्तरेतल्या विंटरफेलला पोहोचला, तेव्हा महिनाभराचा प्रवास झाल्याची कुरकुर राणीने पहिल्याच भागात केली होती. सातव्या सीझनमध्ये मात्र उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे अडकलेल्या जॉनसाठी एक जण धावत जातो, कावळा निरोप घेऊन समुद्रकाठाने डेनेरिसच्या ड्रॅगनस्टोन बेटावर पोहोचतो आणि ड्रॅगन उडत परत येतात, हे सगळे जणू एका रात्रीत आटोपते. ड्रॅगन असलेल्या कथेत अंतरे कसली मोजता, असा प्रतिप्रश्न यावर हमखास येतो. ड्रॅगन आम्ही पहिल्या सीझनमध्येच विनातक्रार स्वीकारले होते. अडचण महिन्याचा प्रवास एका रात्रीत होण्याची आहे.

सर्सीचा भाऊ आणि प्रियकर जेमी लॅनिस्टर याच्या बाबतीत तर मी कोणतीही तडजोड करायला तयार नाही. पहिल्या भागात नेडच्या दहा वर्षांच्या मुलाला, ब्रॅनला, खिडकीतून ढकलून देणारा हा माणूस तिसऱ्या सीझनमध्ये, उजवा हात गमावल्यावर, हमामखान्यातल्या वाफेत योद्धी ब्रिएनला आपले गुपित सांगतो. आपण राजाचा, म्हणजे डेनेरिसच्या बापाचा, खून केला तो सत्तेसाठी नाही. राजाने लाखोंच्या शहराखाली पुरून ठेवलेले ज्वालाग्राही द्रव्य पेटवण्याचा हुकूम सोडला होता म्हणून. ज्या कृत्यासाठी सारे जग त्याला राजहंता म्हणून थुंकते, तेच त्याच्या आयुष्यातले सर्वांत चांगले कृत्य आहे. मनुष्यस्वभावाविषयी इतके काही सांगणारे दृश्य मी दूरचित्रवाणीवर क्वचितच पाहिले आहे. पुढची कित्येक वर्षे तो माणूस इंचाइंचाने बदलत राहिला, बहिणीला सोडून मृतांच्या फौजेशी लढायला उत्तरेत आला, आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात त्याने ब्रिएनला सरदारकी दिली. लढाईच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती नुसती माणसे बोलत बसतात, असा तो भाग आहे, आणि संपूर्ण सीझनमध्ये तोच सर्वोत्तम आहे. त्यानंतर दोन भागांत जेमी सर्सीकडे परत जायला निघतो, आणि शहरातल्या निरपराध माणसांची आपल्याला कधीच फारशी पर्वा नव्हती असे वाटेत धाकट्या भावाला, टिरियनला, सांगून मोकळा होतो. तो परत जाणे मी समजू शकतो, व्यसनी माणसे परततातच. पण ते एक वाक्य हमामखान्यातल्या सगळ्या दृश्यावर बोळा फिरवते आणि ते लिहिणाऱ्याला जुने दृश्य आठवले नव्हते की आठवूनही चालून जाईल असे वाटले, हे मला आजवर उमगलेले नाही.

इतर तक्रारींवर मी फार वेळ घालवत नाही. मृतांशी झालेल्या ८२ मिनिटांच्या लढाईत निम्म्या वेळी पडद्यावर काळोखच होता. पुढच्या भागात मेजवानीच्या मेजावर कॉफीचा कागदी पेला राहून गेला आणि वाहिनीने तो मागाहून पुसला. हे सारे हसून सोडून देण्याजोगे होते. चाहते मात्र सोडायला तयार नव्हते. नव्याने आणि चांगल्या लेखकांकडून हा सीझन पुन्हा बनवा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या झाल्या. तो अर्ज मला बालिश वाटला, मी सही केली नाही. बेलफास्टच्या थंडीत जवळपास दोन महिने रात्रीच्या रात्री ती लढाई चित्रित करणाऱ्या माणसांना तुमचे काम रद्द समजा असे सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्याच सीझनला उत्कृष्ट नाट्यमालिकेसह बारा एमी पुरस्कार मिळाले आणि त्यातले बरेचसे तांत्रिक कारागिरीसाठी होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

मग चुकले कुठे? सुरुवातीचे सीझन दहा-दहा भागांचे होते, सातवा सात भागांवर आणि आठवा सहावर आला. मालिका दाखवणारी एचबीओ वाहिनी आणखी भागांसाठी तयार होती. पण मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी साधारण सत्तर तासांत कथा संपवायचे आधीपासून ठरवले होते आणि ७३ भागांत ती संपवली. जिच्यावर ही मालिका बेतली, ती जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची कादंबरीमाला १९९६ मध्ये सुरू झाली आणि २०११ मध्ये पाचव्या खंडावर थांबली, त्यामुळे मालिकेला पुढची वाट तयार मिळाली नाही. मुक्काम कोणता हे मार्टिन यांनी ढोबळमानाने सांगून ठेवले होते. मुक्काम ठाऊक आणि रस्ता नाही, अशा अवस्थेत मालिका थेट मुक्कामी जाऊन थांबली. शेवट गुंडाळणे म्हणजे काय, हे रोज रात्री मराठी मालिका पाहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की इथे तो अफाट खर्च करून गुंडाळला.

ब्रॅन राजा झाला याचाही अनेकांना राग आहे, विशेषतः त्याची कहाणी सर्वांत सरस म्हणून तो राजा, या टिरियनच्या युक्तिवादाचा. पाचव्या सीझनमध्ये ब्रॅन एकदाही पडद्यावर आलेला नव्हता, हे त्या वेळी दरबारात कुणीच कसे म्हटले नाही, याचे मला नवल वाटते. तरीही ब्रॅनचा मी फारसा द्वेष करत नाही.

हल्ली आमचा वाद सहाव्या खंडापर्यंत येऊन पोहोचला आहे. मार्टिन यांनी हाच शेवट पुस्तकात लिहिला तर तुम्ही काय म्हणाल, असे भाचा मला विचारतो, आणि त्याला वाटते की या प्रश्नाने मी निरुत्तर होईन. मी त्याला सांगितले आहे की हजार पानांत डेनेरिस त्याच घंटेपर्यंत पायी चालत आली, तर मी तिच्याबरोबर जाईन. जेमीचे ते वाक्य मात्र कितव्याही पानावर आले, तरी पुस्तक मी तिथेच मिटेन. त्यावर तो म्हणाला की पुस्तक आधी येऊ तर द्या.