डाव्या नळीतून उजेड दिसेना

परवाना मिळून बंदूक नुकतीच हाती आलेल्या मालकांसाठी आम्ही बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या नेमबाजीच्या रेंजवर एक दिवस वेगळा ठेवतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जाबरोबर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ते त्यांच्याकडे असतंच. पण त्या शिकवणीत हातात दुसऱ्याची बंदूक असते. स्वतःच्या, त्यातही वडिलांच्या बंदुकीवर माणसाचा आंधळा विश्वास असतो. मला भीती त्याचीच वाटते.

दिवाळीनंतरची तुकडी होती. एक सराफ बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते. त्यांचं बोट सारखं चापावर जायचं. ते बाहेर सरळ ठेवायची सवय लावण्यातच सकाळ गेली. एका तरुणानं विचारलं, "सर, वरातीत हवेत एखादा बार काढला तर?" २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हे त्याला सांगितलं. वर गेलेली गोळी खाली येतेच, मांडवावरही पडू शकते, हेही सांगितलं.

मग केज तालुक्यातला एक शेतकरी पुढं आला. वडिलांच्या माघारी वारस म्हणून परवाना त्याच्या नावावर झालेला. बारा बोअरची जुनी डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, दस्त्यावर तेलाचा हात फिरवलेला. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून त्याला घाई होती. नुसता बंदुकीचा परवाना असला म्हणून डुक्कर मारता येत नाही, त्याला वन विभागाची परवानगी लागते, हे त्याला ठाऊक होतं. बरं वाटलं.

"रिकामीच हाय सर, घरून बगून आणलीय."

"बघितली असशील भाऊ, तरी मी बघणार. माझ्या हातून घेताना तूही बघायचं."

तोंड मातीच्या बांधाकडं ठेवून बंदूक बिजागरीतून मोडून उघडली. काडतुसाच्या दोन्ही घरांत काडतूस नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. उघडीच बंदूक आभाळाकडं धरून मागच्या बाजूनं नळ्यांतून पाहिलं. उजवीतून उजेडाचं गोल चकचकीत दिसलं. डावीत काळोख.

मी सगळ्यांना बोलावून एकेकाला बघायला लावलं. कुणी बोललं नाही. गज घालून हळूहळू ठोकलं तेव्हा तोंडाकडून कोरडी माती पडली, तिच्यात वाळलेल्या अळ्या. कुंभारीण माशीनं नळीत घर केलं होतं. पावसाळाभर बंदूक माळवदाच्या घरात खुंटीला टांगलेली होती.

तो मटकन खाली बसला. "आन् मी डावाच घोडा आधी वढणार होतो."

अशा नळीत बार काढला की छर्रे मातीच्या बुचावर आदळतात, मागून वायूचा दाब येत राहतो, त्याला वाट मिळत नाही. नळी तिथंच फुगते नाहीतर चिरते. पोलादाचे तुकडे कुणाच्या हातात, कुणाच्या डोळ्यात जातील ते सांगता येत नाही. शेजारी तो सराफ उभा राहणार होता. काडतुसाचं घर रिकामं असणं आणि नळी मोकळी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी प्रत्येक तुकडीला सांगतो. त्या दिवशी सांगावं लागलं नाही.

नळी साफ झाली तरी मी त्याला त्या बंदुकीनं बार काढू दिला नाही. आत गंजानं किती खाल्लंय ते दुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसानं तपासल्याशिवाय नाही. त्याला वाईट वाटलं, पण हुज्जत घातली नाही. त्याच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या डब्यात कागदी काडतुसंही होती, दमटपणानं फुगलेली. "हिरीत टाकून देऊ का?" नको म्हटलं. ठाण्यात जमा कर आणि पावती घे.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं ठेवण्याबद्दल विचारलं. घरात दोन लहान पोरं. डबल बारच्या नळ्या आणि दस्ता वेगळे होतात, त्यामुळं तीन फुटांची लोखंडी पेटी पुरते. काडतुसं दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. आत स्पंज घालू नको, तो ओल धरतो. महिन्याला काढून दोन्ही नळ्या उजेडाला धरायच्या. त्यानं तिथूनच वेल्डिंगवाल्या मेव्हण्याला फोन लावला आणि वितीनं नळ्यांची लांबी मोजून सांगू लागला.