24 थाऊ: आमची वाटचाल

आमच्या इंजिनातला एक पिस्टन दोन मैलांवरच्या दुसऱ्या गॅरेजच्या काउंटरवर अ‍ॅशट्रे म्हणून उलटा ठेवला गेला, तो कित्येक वर्षं तिथेच होता. मिशिगनमध्ये 1 मे 2010 पासून कामाच्या जागी सिगारेट बंद झाली, तरी तो हलला नाही. त्यात व्हिजिटिंग कार्डं आली. येईल त्याला तो दाखवायचा आणि सांगायचं, "हे बघा टर्बोवाल्यांचं काम." हे सांगणारा पोरगा पिस्टनवरच्या रिंगा, म्हणजे कड्या, बसवायला आमच्याकडेच शिकला होता. नाव घेत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, वडिलांचं रिबोअरिंगचं दुकान. अण्णा पोलिश, हॅमट्रॅमिकमध्ये वाढलेला, एका इंजिन कारखान्यातून टूलमेकर म्हणून निवृत्त झालेला. त्याचं खरं नाव माझ्या तोंडात बसेना म्हणून अण्णा; माझं त्याला कधीच जमलं नाही, फिटंफाट. 2006 मध्ये डेट्रॉईटला लागून असलेल्या हेझल पार्कमध्ये आम्ही शेड भाड्याने घेतली. कल्पना त्याची. शेव्हेल, नोव्हा, जीटीओ अशा जुन्या मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, घ्यायच्या, पण त्यांत 7 लिटरच्या इंजिनाचं धूड कोंबायचं नाही. टर्बो लावायचा, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. गाडी पळाली पाहिजे आणि पेट्रोल पंपावर रडू येता कामा नये.

लोक हसले. या गावाला टर्बोची जुनी आठवण आहे, ती चांगली नाही. 1962 ची ऑल्ड्समोबिल जेटफायर: 3.5 लिटरचं व्ही-8, त्यावर टर्बो, आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, होऊ नये म्हणून पाणी-मेथॅनॉलची वेगळी टाकी. लोक ती भरायला विसरायचे. शेवटी बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवले गेले. अण्णा यावर दुसरं उदाहरण द्यायचा, 1987 ची ब्युइक जीएनएक्स. सहाच सिलिंडर, 3.8 लिटर, त्यावर टर्बो, एकूण 547 गाड्या बनल्या, आणि आठ सिलिंडरवाल्यांना सिग्नलवर तोंड लपवायला लावलं.

आमची रीत गुपित नाही. भंगारवाल्याकडून सिल्व्हराडो ट्रकचं 5.3 लिटरचं इंजिन आणायचं, 1999 ते 2007 मधलं, बिडाच्या ब्लॉकचं. ट्रक चेपलेला असतो, इंजिनाला ओरखडा नसतो. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारे नळ, उलटे फिरवून तोंडं पुढे काढायची, तिथे टर्बो. चौरस इंचाला 10 पाउंड बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या जादा दाबावर, मागच्या चाकांना 480 हॉर्सपॉवर मिळते. इथवर सगळेच येतात. मायलेज मात्र टर्बोतून येत नाही, हे नवशिक्याला पटवताना घसा बसतो. जुना तीन गिअरचा बॉक्स आणि मागच्या आसाचं गिअर-प्रमाण 3.31 असलं की ताशी 70 मैलांना इंजिन 3000 आरपीएमवर ओरडत असतं. ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे वरच्या गिअरला इंजिन सावकाश फिरू देणारा, चार गिअरचा बॉक्स घाला, मागे 3.08 टाका, तेच 2100 वर येतं. तेव्हा टर्बो झोपलेला असतो. झोपू द्यावा. एक भाग पेट्रोलला हवेचं प्रमाण सपाट रस्त्याला 15 च्या थोडं वर, बूस्ट भरला की 11.5. या दोन्हींच्या मधला भाग लॅपटॉपसमोर बसून जमत नाही. आय-75 हायवेवर एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने वाइडबँडच्या, म्हणजे हे प्रमाण दाखवणाऱ्या मीटरच्या, आकड्यावरून नजर काढायची नाही. चालवणाऱ्याने तर मुळीच बघू नये, आमची एक नोव्हा अशीच कठड्याला घासली आहे.

आता तो पिस्टन. 1 जून 2009 ला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमचं निम्मं गिऱ्हाईक तिथलं किंवा तिथे माल देणाऱ्यांकडचं. दोन गाड्या लिफ्टवर सोडून माणसं गायब झाली, फोन उचलेनात. भाडं तीन महिन्यांचं थकलेलं. त्यात एका नोव्हाचे पैसे रोख मिळणार होते, अट एकच, गाडी शनिवारी मिशिगनमधल्याच मिलान गावच्या ड्रॅगस्ट्रिपवर, म्हणजे शर्यतीच्या सरळ पट्टीवर, पळाली पाहिजे. अण्णा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. त्या पोराने, तेव्हा तो आमच्याकडेच होता, विचारलं, "इंजिन उघडून रिंगांची टोकं घासायची ना?" मी म्हटलं, "नको, फॅक्टरीच्या आहेत तशाच राहू देत."

या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. रिंग पूर्ण गोल नसते; साध्या इंजिनात तिच्या दोन टोकांमध्ये दहा-बारा थाऊचं तोंड, म्हणजे फट, असतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टर्बोने ती जास्त तापते, वाढते, दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, आणि जागा उरली नाही की पिस्टनचा वरचा काठ उचकटून काढतात. चौथ्यांदा पळवली तेव्हा धूर आला. सातव्या सिलिंडरचा पिस्टन आम्ही बाहेर काढून बाकड्यावर ठेवला, आणि महिन्याभराने पोरगा नोकरी सोडून गेला तेव्हा तो बाकड्यावर नव्हता.

चूक माझी, हे मी पोराच्या तोंडावर कबूल केलं होतं. वडिलांच्या दुकानात फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, लावल्याशिवाय रिंग आत गेलेली मी कधी पाहिली नव्हती. पण विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर या दोन्ही गोष्टी सोडून फक्त पिस्टन दाखवत बसायचं, ही कुठली रीत? त्या उन्हाळ्यात आमचं नवं एकही काम आलं नाही. नोव्हाचं इंजिन पदरचे पैसे घालून पुन्हा बांधून दिलं. मी लेथ विकायला काढला. गिऱ्हाईक बघायला आलं तेव्हा अण्णा काठी टेकत आला आणि म्हणाला, याची बेड झिजलेली आहे. धादांत खोटं. गिऱ्हाईक गेलं, लेथ राहिला.

सप्टेंबरमध्ये एक पोस्टमन आला. त्याच्या वडिलांनी नवी घेतलेली 1970 ची शेव्हेल, आणि एक वही. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि झालेले मैल त्यात. गॅलनला 12 मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर. तो आधी दोन मैलांवरच्या गॅरेजमध्ये जाऊन आला होता. पिस्टन दाखवला गेला होता, त्याने तो हातात घेऊन काठाचा तुटका भाग नीट पाहिला होता. मला एवढंच विचारलं, "रिंगचं तोंड आता किती ठेवता?"

"24 थाऊ."

त्याने चावी बाकड्यावर ठेवली.

त्याची गाडी हायवेला 22 देते. ते बघून त्याच्या ऑफिसातले दोघे आले, मग त्यांचे मेहुणे, साडू. 2011 पासून पुढचं लिहिण्यासारखं काही नाही, काम होतं. अण्णा आता नाही. सिलिंडरचा व्यास मोजायचा त्याचा बोअर डायल मी वापरतो, शून्यावर आणायला थोडा हट्टी आहे. पोस्टमन दर वसंतात वही घेऊन येतो. यंदा 21.6 लिहिलेलं दाखवून कुरकुरला. मागची टायरं बदलून रुंद घातली होती, दुसरं काही नाही.

नवीन गाड्या आम्ही नोव्हेंबर ते मार्चमध्ये घेतो. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे इथली जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी जुलैत फोन येतात. जुलैत रिंगा घासायला वेळ मिळत नाही, आणि न घासता मी उघडलेलं इंजिन पुन्हा जोडत नाही.