हेडसेटमधला कामगार
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आज आमच्या सुपरवायझर मंडळींचं ट्रेनिंग झालं, व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा, घालून. समोर एआयवर चालणारा आभासी कामगार. रोज उशिरा येतो, त्याला समजवायचं. लूम खात्यातल्या मामांनी पहिल्याच वाक्याला आवाज चढवला, तर तो मान खाली घालून गप्प. हूं नाही की चूं नाही. दुसऱ्या वेळी मामांनी नुसतं विचारलं, "घरी काय अडचण हाय का रे?" आणि तो आईच्या आजारपणाचं बोलायला लागला! नंतर स्क्रीनवर दिसलं, मामा स्वतः किती वेळ बोलले आणि त्याला किती बोलू दिलं.

अमेरिकेतल्या वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीनं २०१८ मध्येच असे १७,००० हेडसेट दुकानांत द्यायचं जाहीर केलं होतं. आपल्याकडं अजून, बढती मिळाली की माणसं सांभाळणं आपोआप येतं, असंच धरून चालतात. मग शिकाऊपणाच्या चुका जिवंत माणसांवर होतात आणि चांगला कारागीर काम सोडून जातो.

एक खटकलं. तो कामगार फार पुस्तकी मराठी बोलत होता. आमच्या खात्यात तेलुगू, कन्नड सगळं मिसळून चालतं. शिवाय या ट्रेनिंगचे गुण पगारवाढीला लावू नका, हे मी एचआरला स्पष्ट सांगितलंय. पुढच्या बॅचला शिवण खात्यातल्या ताईंनाही बसवा, हेही.