‘किंड्रेड’चा तक्ता : सहाही फेऱ्या कागदावर

मंडळी, ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’च्या कालरेषेचं काम बरंच पुढे सरकलंय. ज्यांना कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा, पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे.

नव्यांसाठी थोडक्यात. कादंबरी १९७९ची. डेना ही कृष्णवर्णीय लेखिका १९७६च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या नव्या घरात पुस्तकं लावत असते आणि तिथून थेट गुलामीच्या काळातल्या मेरीलँडमधल्या नदीकाठी जाऊन पडते. मळेमालकाचा मुलगा रूफस हा तिचा पूर्वज. त्याच्या जिवावर बेतलं की ती तिकडे ओढली जाते. स्वतःचं मरण समोर दिसलं की परत येते. यंत्र नाही, खुलासाही नाही.

आधी मी फक्त वेळ मांडत होतो. तिकडे जवळपास दोन महिने जातात तेव्हा इकडे जेमतेम एखादा दिवस, वगैरे. मग प्रत्येक परतीचं कारण लिहायला वेगळा रकाना केला आणि खरी कादंबरी त्या रकान्यात सापडली. पहिल्यांदा रोखलेली बंदूक पुरते. दुसऱ्यांदा गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्तवाल्याचा हल्ला. तिसऱ्यांदा, एका गुलाम मुलाला वाचायला शिकवल्याबद्दल चाबकाचा मार. चौथ्या फेरीत ती पळून जाते, पकडली जाते, पुन्हा चाबूक बसतो. पण या वेळी ती घरी येत नाही! एवढ्या माराने जीव जात नाही, हे तिच्या अंगाला कळून चुकलेलं असतं. पाचव्या फेरीत परतण्यासाठी तिला स्वतःच्या मनगटाच्या शिरा कापाव्या लागतात. गुलामी माणसाच्या अंगवळणी कशी पाडली जाते, हे बटलर यांनी कुठेही भाषण न देता कालप्रवासाच्या एका नियमातून दाखवलंय. माझ्या मते कालप्रवासाच्या साहित्यात इतका चोख नियम दुसरा नाही.

सहावी फेरी ४ जुलै १९७६ची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तो दिवस. तारीख सहज निवडलेली नाही, हे उघड आहे.

नकाशाही जोडलाय. मळा टॅल्बट काउंटीतल्या ईस्टनजवळचा. गुलामीविरोधी लढ्याचे नेते फ्रेडरिक डग्लस याच काउंटीत १८१८च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मले. पुढे बाल्टिमोरमध्ये मालकीणबाई त्यांना अक्षरं शिकवू लागल्या, तर मालकाने ते बंद पाडलं. तिसऱ्या फेरीतला चाबूक आणि ही हकीकत मी शेजारी शेजारी लावलीय.

आता सारासाठी ओळ आखतोय. सारा म्हणजे मळ्यावरची स्वयंपाकीण. मालकिणीला नवं फर्निचर हवं म्हणून साराची तीन मुलं विकली गेली. मुकी कॅरी तेवढी उरली. साराच्या ओळीत परतीचा रकाना भरता येत नाही, आणि तो तसाच ठेवणार आहे. नुसत्या डेनाच्या फेऱ्या मांडल्या तर मळा म्हणजे तिचा मुक्काम वाटू लागतो. तिथल्या माणसांसाठी तो मुक्काम नव्हता.

यानंतर हायले गेरिमा यांचा १९९३चा चित्रपट ‘संकोफा’ घेतोय. त्यातली मॉडेल घानातल्या केप कोस्टच्या किल्ल्यातून गुलामीच्या काळात जाते. त्याचा तक्ताही याच रकान्यांनी भरून बघणार आहे.