मे महिन्यातली शाई

निवडणूक आयोगाने १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेचे वेळापत्रक जाहीर केले, तेव्हा आमच्या घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी सर्वांत आधी काय पाहिले असेल, तर २० मेला वार कोणता येतो ते. सोमवार होता. आम्ही डोंबिवलीकर, म्हणजे कल्याण मतदारसंघातले, आणि आमचे मतदान राज्यातल्या शेवटच्या, पाचव्या टप्प्यात होते. मतदानाच्या दिवशी नोकरदाराला भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदाच आहे, आणि सोमवारला शनिवार-रविवार जोडला की तीन दिवस होतात, हे गणित मांडायला आमच्यासारख्यांना कागद-पेन्सिल लागत नाही. लोकशाहीचा उत्सव वगैरे शब्द मनात यायच्या आधी माथेरान मनात आले, हे कबूल करूनच पुढे लिहिलेले बरे.

यात थोडा दोष पंचांगाचाही आहे. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी थंडीच्या दिवसांत झाली होती. पुढे केंद्रातली सरकारे कधी मुदतीआधी पडली, कधी मुदतीआधी निवडणुकीला सामोरी गेली, आणि मतदानाचा ऋतू सरकत राहिला. १९९९ची लोकसभा सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडली गेली होती, म्हणजे तिची मुदत २००४च्या शरद ऋतूपर्यंत होती. पण वाजपेयी सरकारने ती आधीच विसर्जित करून एप्रिल-मेमध्ये निवडणूक घेतली. 'इंडिया शायनिंग'ची ती घाई सत्ताधाऱ्यांना फळली नाही हे सर्वांना आठवते. तिने पुढच्या प्रत्येक लोकसभेला मे महिन्याशी बांधून टाकले, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग पाच निवडणुका आमच्या उन्हाळी सुट्टीवर येऊन बसल्या. शेवटच्या वेळी तर उन्हाने इतके हाल केले की मतमोजणीच्या आदल्या दिवशी खुद्द मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी निवडणूक महिनाभर आधी संपायला हवी होती, असे बोलून दाखवले.

तर शनिवारी, १८ मेला, सकाळच्या कर्जत लोकलने आम्ही निघालो. मी, पत्नी, चौथीतून पाचवीत गेलेली भाची आणि पंचाहत्तरीची आई. नेरळला मिनी ट्रेनच्या तिकीट खिडकीपुढची रांग पाहून तो विचार आम्ही उभ्याउभ्याच सोडला. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांच्या मुलाच्या जिद्दीने १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी एकवीस किलोमीटर वळणे घेत वर जाते, आणि मे महिन्यात तिच्यात जागा मिळवायची तर घरातल्या एखाद्याने पहाटेपासून तिथे नंबर लावलेला असावा लागतो. आम्ही टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. त्याच्यापुढे मोटार जात नाही. ही बंदी इंग्रजांच्या काळापासूनची असून केंद्र सरकारने २००३ साली माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवून तिला आणखी बळ दिले. रुग्णवाहिकेसारखा अपवाद आणि प्रयोग म्हणून आलेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या, तर दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतच्या सुमारे अडीच किलोमीटर लाल वाटेवर तुम्हाला पाय, घोडा किंवा माणसाने ओढायची हातरिक्षा, एवढेच पर्याय तेव्हा उरत होते. ई-रिक्षेची रांग मिनी ट्रेनच्या रांगेची धाकटी बहीण निघाली.

आईचे गुडघे चालण्याच्या कामाचे नाहीत आणि घोड्यावर ती बसणार नव्हती. हातरिक्षेला तर तिचा ठाम नकार होता. माणसाने माणसाला ओढायचे हे तिला लहानपणीही पटत नव्हते, असे तिने रिक्षेच्या दांड्याजवळ उभे राहून, रिक्षावाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. तो पन्नाशीचा असावा. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मावशी, विचार बरोबर आहे. पण तो बसून करा. ऊन लागतंय." आई हसली आणि बसली. तत्त्व आणि गुडघा यांच्यातली तडजोड इतक्या कमी शब्दांत झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पुढे तो ओढत होता, मागून एक पोरगेलासा मुलगा रेटत होता, आणि आम्ही तिघे बाजूने चालत होतो. चढावर त्याने दांडा आवळून धरला, तेव्हा त्याच्या डाव्या तर्जनीवर नखापासून खाली उतरलेली काळी रेघ आईला दिसली.

"तुमचं झालं वाटतं मतदान?"

"झालं की. तेरा तारखेला. सकाळीच उरकलं म्हणून बरं, दुपारी वादळ आलं." कर्जतचा भाग मावळ मतदारसंघात येतो, आणि मावळचे मतदान चौथ्या टप्प्यात होते, त्याच सोमवारी मुंबई-ठाण्यावर धुळीचे ते भीषण वादळ येऊन गेले होते. "तुमचं कधी?"

"परवा," आई म्हणाली.

"परवा? मग तुम्ही इथं?"

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. जत्रेच्या दिवशी पुजारी परगावी भेटावा तसे साधे आश्चर्य होते. आई गप्प बसली आणि मी बाजूच्या झाडाचे नाव भाचीला सांगू लागलो, जे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतरचे दोन दिवस मी माथेरानमध्ये प्रेक्षणीय स्थळे कमी आणि डावी बोटे जास्त पाहिली. घोड्याचा लगाम धरणाऱ्या पोराच्या बोटावर शाई होती, चामड्याच्या चपला विकणाऱ्याच्या बोटावर होती, कोकम सरबताचा पेला पुढे करणाऱ्या बाईच्या बोटावर होती. शार्लोट तलावाच्या काठी करवंदे द्रोणात भरून देणाऱ्या कातकरी म्हातारीची बोटे चिकाने इतकी काळवंडली होती की तिच्यावरची शाई कोणती आणि करवंदाचा डाग कोणता हे ओळखणे कठीण होते. पण नखाच्या मुळाशी ती होतीच. उलट सरबत घेणारी, करवंदांना घासाघीस करणारी, घोड्यावर बसून फोटो काढून घेणारी सगळी बोटे स्वच्छ. मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर, नाशिक, सगळ्यांचे मतदान सोमवारीच होते, त्यामुळे त्या दिवसापुरते ते स्वाभाविकही होते. तरी बोटावरून येथला कोण आणि पाहुणा कोण हे ओळखता यावे, याची मला उगीच टोचणी लागली.

या शाईबद्दल मला जुने कुतूहल आहे. ती म्हैसूरच्या सरकारी रंग-कारखान्यात तयार होते. १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राजवटीत तो सुरू झाला, म्हणजे राजेशाहीने काढलेला कारखाना लोकशाहीला शाई पुरवतो, आणि १९६२च्या निवडणुकीपासून इमानाने पुरवतो आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. त्वचेशी आणि उजेडाशी गाठ पडली की ते काळे पडते, आणि साबण, लिंबू, रॉकेल यांपैकी कशालाच दाद देत नाही. नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच ती खूण जाते. उन्हात काम करणाऱ्याच्या बोटावर ती लवकर आणि गडद उमटत असणार, असे मला तेव्हा वाटले. हे रसायनशास्त्राला धरून आहे, त्याहून जास्त अर्थ त्यात शोधायचा मोह मी आवरला.

हॉटेलच्या भोजनगृहात मात्र मोह आवरणारे कुणी नव्हते. शनिवारी रात्री पुरीभाजी आणि आमरसाच्या वाट्यांवरून देशाचे राजकारण असे रंगले की वाढपी ताटे घेऊन थांबून राहिले. महाराष्ट्रात आदल्या दोन वर्षांत दोन पक्षांचे चार झाले होते, त्यामुळे धनुष्यबाण कुणाचा, मशाल कुणाची, घड्याळ कुणाच्या मनगटावर आणि तुतारी कुणाच्या तोंडी, यावरच पहिला अर्धा तास गेला. मग राज्यघटना, आरक्षण, बेरोजगारी, निवडणूक रोखे असे विषय एकेक करून ताटात पडले. ठाण्याचे एक सद्गृहस्थ सर्वांत पोटतिडकीने बोलत होते. हा देश उदासीन मतदारांमुळे बुडाला, असे त्यांचे निदान होते. त्यांचे आरक्षण मंगळवारपर्यंतचे होते. सोमवारी गर्दी कमी असते म्हणून बरे पडते, असे त्यांनीच सांगितले. मी त्यांना हसलो नाही, कारण माझे आरक्षण सोमवार दुपारपर्यंतचे होते, आणि 'जमलं तर संध्याकाळी सहाच्या आत पोहोचू' हे माझे धोरण त्यांच्या धोरणापेक्षा दोन-तीन तासांनीच उजवे होते.

रविवारी संध्याकाळी बाजारातून फिरताना भाचीने हुतात्मा भाई कोटवालांचे नाव वाचले आणि हे कोण म्हणून विचारले. विठ्ठल लक्ष्मण कोटवाल १९१२ साली याच माथेरानात एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले, शिकून वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२च्या चळवळीत आझाद दस्ता काढून त्यांनी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते गेले, तेव्हा त्यांनी वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती. हे मी भाचीला सांगितले. ऐकणाऱ्यांत आईही होती. ती काही बोलली नाही, पण खोलीवर आल्यावर तिने पिशवी भरायला घेतली आणि पहाटे सहाला निघायचे असे जाहीर केले.

पहाटे सहाला रिक्षा कुठली मिळणार? व्यवस्थापकाने नाश्त्याचे पैसे परत देण्याऐवजी कागदात बांधून उपमा दिला. आई माझा हात धरून चालली. रुळांच्या कडेकडेने, माकडांपासून उपमा वाचवत, दर दहा मिनिटांनी दगडावर बसत आम्ही पावणेदोन तासांनी दस्तुरीला पोहोचलो. तिथे परवाचाच रिक्षावाला दिवसाच्या पहिल्या भाड्याची वाट पाहत उभा होता. "मावशी, उतरायला पण मी आलो असतो. फोन करायचा," तो म्हणाला. आईने पाकिटातून एक चिठ्ठी काढून त्याच्याकडून तिच्या पाठीवर नंबर लिहून घेतला. ती माझ्या वडिलांच्या नावाची मतदार चिठ्ठी होती. वडील जाऊन सहा वर्षे झाली. यादीतले नाव काढण्याचा अर्ज आम्ही दोनदा दिला आहे, तरी दर निवडणुकीला त्यांची चिठ्ठी येते, आणि आई ती टाकूनही देत नाही.

डोंबिवलीच्या शाळेत आम्ही दोन तास दहा मिनिटे रांगेत होतो. पंखा नव्हता, पाणी नव्हते, सावली पहिल्या वीस माणसांनाच पुरत होती. शेवटी आईने मत दिले, मी दिले, आणि पत्नीचे नाव यादीत सापडले नाही. गेल्या खेपेला तिने याच खोलीत मतदान केले होते. वडिलांचे नाव मात्र शाबूत होते, ठळक अक्षरांत, छायाचित्रासह. टेबलामागच्या थकलेल्या शिक्षिकेला काय बोलणार? तिलाही कुणी सकाळपासून चहा विचारला नसावा. भाचीने मामीची समजूत काढायला स्वतःजवळचे जांभूळ चुरडून तिच्या तर्जनीवर रेघ ओढून दिली. पुढे कल्याणातले मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास थांबल्याची बातमी आली, तेव्हा पत्नीने ते बोट वर करून मला दाखवले. अनुत्साही शहरी मतदाराबद्दल आयोगालाही काळजी वाटली असावी, कारण त्याच वर्षी विधानसभेच्या मतदानाला आयोगाने मुद्दाम आठवड्याच्या मध्याचा बुधवार निवडला, म्हणजे त्याला शनिवार-रविवार चिकटू नये.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. माणसाने माणसाला ओढणे ही अमानुष प्रथा आहे, स्वातंत्र्याला इतकी वर्षे होऊनही ती चालू राहणे हा राज्यघटनेच्या वचनाचा भंग आहे, असे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून रिक्षावाल्यांना ई-रिक्षा देण्याची योजना करावी, असेही त्यात होते. आईने बातमी दोनदा वाचली. "मी म्हणत नव्हते का?" असे ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. ती उठली, पाकिटातून वडिलांची चिठ्ठी काढली आणि पाठीवरचा नंबर मला लावायला सांगितला.

तिकडे पावसाचा आवाज येत होता. आईने नाव सांगितले, गुडघ्यांची आठवण दिली, तेव्हा त्याला ओळख पटली. बातमी त्याने ऐकली होती. गाडी मिळणार आहे का, कधी मिळणार, ती चालवायला कोण शिकवणार, आई एकामागून एक विचारत होती आणि तो "बघू" म्हणत होता. शेवटी तोच म्हणाला, "तुम्ही मे महिन्यात या, मावशी. ओढायची की चालवायची, ते तेव्हा ठरेल. आणि औंदा मतदान नाही ना मेमध्ये? मग निवांत या."