रेती नर्मदेची, सोनं सराफ्यातलं : आमची वाटचाल

सराफ्यात केर फेकत नाहीत, विकतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. त्यांच्या लेखी इंदूरचा सराफा म्हणजे रात्री नऊनंतरचा, खाण्याचा, भुट्ट्याच्या कीसचा आणि गराडूचा. पण त्याच ओट्यांमागे दिवसभर कानस चालते, आणि कानशीखालचं सोनं फरशीच्या फटीत, कारागिराच्या नखात, पायपुसण्यात जाऊन बसतं. दुकानाचा केर वर्षभर डब्यात साठवतात. जुनी पायपुसणी जाळून त्यांची राख त्यातच टाकतात. मग न्यारिया, म्हणजे केर धुऊन त्यातलं सोनं काढणारा, येतो, मूठभर केर तळहातावर घेऊन बोटाने पसरतो, आणि भाव ठरतो. महाराष्ट्रात याच माणसाला झारेकरी म्हणतात, बडोद्याकडे धूळधोया. इंदूर 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत पहिलं आलं. सराफ्याची फरशी त्याच्या कितीतरी आधीपासून इतकी नीट झाडली जाते, कारण वेगळं.

आज आम्ही घरच्या घरी रेतीतून सोनं धुवायच्या छंदाचे डबे विकतो : थाळा, रेती, चुंबक आणि सोन्याचे थोडे कण. पण आमचं मूळ दुकान सोन्याचं नव्हतं. आजोबांनी सराफी हत्यारांचं दुकान टाकलं : मुशी, चिमटे, कानशी, फुंकण्या, टाकणखार, आणि मुख्य म्हणजे तराजू आणि पितळी वजनं. तोळा, मासा, गुंज. बारा मासे म्हणजे तोळा, शहाण्णव गुंजा म्हणजे तोळा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजनं आली आणि आजोबांचा अर्धा माल पुढच्या काही वर्षांत भंगारात गेला. त्यातून सावरतात तोच 1963 चं सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायचे नाहीत! आमचे गिऱ्हाईक म्हणजे सगळे सोनार. त्यांच्या भट्ट्या थंड झाल्या आणि आमची उधारी बुडाली. नाना, म्हणजे माझे वडील, तेव्हा शाळेत होते. सरकारने सुवर्ण नियंत्रण 1990 मध्ये उठवलं, आणि बाजार जरा हलतोय तोवर इलेक्ट्रॉनिक काटे आले. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा आम्ही तराजू विकत नव्हतो, इलेक्ट्रॉनिक काट्यांचे सेल बदलून देत होतो.

हे सगळं सांगायचं कारण, लोकांना वाटतं या डब्यांची भन्नाट आयडिया आम्हाला एक दिवस सुचली. सुचलं काही नाही. दुकान बंद पडत आलं होतं.

आमच्याकडे मुशी घ्यायला एक न्यारिया चाचा यायचे. लहानपणी त्यांच्या अंगणात जाऊन बसायची मला मुभा होती. एक लोखंडी तसला, म्हणजे पसरट घमेलं, एक हौद, शेजारी केराची ओली रास. तसल्यात केर घ्यायचे, पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हिसके द्यायचे. मग तसला किंचित पुढे कलवायचे, आणि पाण्याची एक लाट आत घेऊन बाहेर सोडायचे. लाटेबरोबर राख जायची, कोळशाचे कण जायचे, केस, लाकडाचा भुसा, सगळं. शेवटी चमचाभर काळा गाळ राहायचा. पुढचं काम पाऱ्याचं आणि शोऱ्याच्या तेजाबाचं. त्या वेळी चाचा आम्हा मुलांना हाकलून द्यायचे. त्यांच्या बोटांकडे बघितलं की कारण कळायचं.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. रामबागेतल्या आमच्या घरी तेव्हा गच्चीचं काम अर्धवट होतं आणि अंगणात नर्मदेच्या रेतीचा ढीग पडून होता. मुलगी अकरा वर्षांची. तिने कुठेतरी कॅलिफोर्नियाची गोष्ट वाचली होती : 1848 च्या जानेवारीत एका लाकडाच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल नावाच्या माणसाला पिवळे कण दिसले आणि पुढच्या वर्षी जग तिकडे धावलं. "बाबा, आपल्या रेतीत असेल का?" म्हटलं, नाही गं. पण चुंबक फिरवून बघ. आपण सगळ्यांनीच हे केलेलं असतं. चुंबकाला काळी मिशी फुटते. दख्खनच्या काळ्या दगडातला मॅग्नेटाइट नर्मदेच्या रेतीत येतो, तोच हा.

रेती आहे, काळी वाळू आहे, घरी तीन पिढ्यांची सराफी हत्यारं आहेत, फक्त सोनं नाही. मी देवघरातला सोन्याचा वर्ख चुरडून परातीत टाकला. तो पाण्यावर आला आणि काठाला चिकटून बसला. नाना खुर्चीतून म्हणाले, "वर्ख कशाला? तो फुंकरीने उडतो." त्यांनी जुन्या गल्ल्यातून कागदाची एक पुडी काढली, कधीतरी कोणा सोनाराने हिशेबात दिलेला कानशीचा कीस. चिमूटभर. तो मात्र तळाला गेला.

मी, मुलगा, मुलगी, तिघांनी आळीपाळीने परात हलवली आणि निम्मी रेती अंगणात सांडली. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "अरे, हे काय घुसळताय? तांदूळ रोवळतात तसं करा ना." आणि तिने पदर खोचून परात हातात घेतली. तांदूळ रोवळताना खडे भांड्यात मागे राहतात आणि तांदूळ पाण्याबरोबर पुढच्या भांड्यात जातात, ते आम्ही जन्मभर पाहिलेलं. तिने मनगटातून एकच गोल फिरवा दिला, परात कलवली, पुन्हा फिरवा. दहा मिनिटांत परातीच्या कडेला काळ्या वाळूची चंद्रकोर, आणि तिच्या टोकाला पिवळी रेघ. मुलगी ओरडली ती शेजाऱ्यांनी ऐकली.

यामागचं गणित सोपं आहे. साधी रेती पाण्याच्या अडीचपटीहून थोडी जड, काळी वाळू पाचपट, सोनं एकोणीसपट. हलवत राहिलं की जड ते खाली सरकतं. आमच्या आईला हे आकडे माहीत नव्हते.

त्या उन्हाळ्यात आम्ही दर रविवारी तीच रेती, तोच कीस पुन्हा मिसळून धुतला. नातेवाइकांनी व्हिडिओ पाहून विचारलं, आम्हाला पाठव. पहिले आठ-दहा डबे असेच गेले, फुकट. नवव्या की दहाव्या डब्यानंतर बायको म्हणाली की आता पैसे घ्यायला लागा, नाहीतर नानांची पुडी संपेल.

परात धंद्याला चालत नाही. स्टीलवर सोनं नीट दिसत नाही आणि गुळगुळीत काठावरून निसटतं. काठाच्या आत एका बाजूला पायऱ्यांसारख्या खाचा हव्यात, म्हणजे जड कण तिथे अडकतो. सांवेर रोडला एका ओळखीच्या कारखान्यात अशा थाळ्याचा साचा करून घेतला. पहिला नमुना पांढरा. त्यावर काळी वाळू सुंदर दिसे आणि सोनं गायब. दुसरा काळा, त्यावर उलटं. शेवटी गडद हिरवा पक्का केला.

मग सोनं. कीस सरळ टाकला तर कण ओबडधोबड दिसतात, नदीतल्यासारखे वाटत नाहीत. आमचा एक जुना सोनार गिऱ्हाईक शुद्ध सोन्याचा कीस हाताच्या रोलरमधून काढून देतो. प्रत्येक दाण्याची चपटी टिकली होते, साधारण एक मिलिमीटर रुंद आणि कागदाच्या निम्म्या जाडीची. अशा वीस टिकल्या म्हणजे साधारण वीस मिलिग्रॅम. जुन्या मापात गुंजेचा सहावा हिस्सा. हे वजन आम्ही डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतो, आणि खाली : रेती नर्मदेची, सोनं सराफ्यातलं. नर्मदेत सोनं सापडतं असा कोणाचा समज होऊ नये म्हणून.

साठ डब्यांचा पहिला विकाऊ माल गेला आणि आठवड्यात फोन सुरू झाले. "तुमचं सोनं तरंगतंय." "पितळ आहे का?" एका गृहस्थांनी तर आम्हाला ठग म्हटलं. मी घरी नवा डबा फोडून बघितला. खरंच, टिकल्या पाण्यावर होड्यांसारख्या फिरत होत्या आणि पहिल्याच लाटेला बाहेर जात होत्या. वर्ख तरंगतो हे कळत होतं, हे का? चार दिवस झोप नव्हती. चाचांना फोन केला. ते मास्क लावून आले, थाळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इसमें तेल है, भिया."

साच्यातून थाळा सुटावा म्हणून कारखान्यात तेलकट फवारा मारतात. तो थर टिकल्यांना लागत होता, आणि तेलकट कणाला पाणी भिजवत नाही, वर उचलून धरतं. चाचांनी थाळा राखेने घासला, पाण्यात रिठ्याची दोन सालं चुरडली. टिकल्या दगडासारख्या खाली. साठही डब्यांचं सोनं आम्ही पुन्हा पाठवलं. त्या महिन्याचा नफा गेला आणि वर थोडे खिशातले गेले. तेव्हापासून प्रत्येक थाळा घासून जातो आणि डब्यात रिठ्याच्या पावडरीची पुडी असते. ठग म्हणणाऱ्या गृहस्थांनी पुढच्या दिवाळीला सहा डबे मागवले, पण शब्द काही मागे घेतला नाही.

मग 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआयची सक्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं म्हणून विकायचं तर सगळ्या चाचण्या. आमच्यासारख्यांना तो खर्च झेपणारा नव्हता. आठ महिने विचारपूस, हेलपाटे, आणि विक्री बंद. अखेर खेळणं म्हणून विकायचंच नाही असं ठरलं; डब्यावर चौदा वर्षांवरील असं आहे, लहानांनी मोठ्यांबरोबर बसावं. चुंबकही सुटा देत नाही, जाड प्लास्टिकच्या मुठीत बंद करून देतो. नियमाचा तेव्हा राग आला होता. पण चुंबक गिळलेल्या मुलांचे हाल कळले आणि राग ओसरला.

खरी ओढाताण भावाची. 2020 च्या ऑगस्टमध्ये दहा ग्रॅम पंचावन्न हजारांच्या आसपास होतं, तेव्हा डब्यातलं सोनं एकशेदहा रुपयांचं पडायचं. एप्रिल 2025 मध्ये भाव लाखाला टेकला, डब्यामागे दोनशे. एका व्यापाऱ्याने सुचवलं, दहा मिलिग्रॅम करा, उरलेलं पितळेचा कीस घाला, कोणाला कळणार आहे? पितळ पाण्याच्या साडेआठपट जड, थाळ्यात सोन्याच्या पुढेच राहतं. दोनदा धुतलेल्याला लगेच कळेल. आणि आजोबांच्या वजनांच्या दुकानात बसून वीसचे दहा करायचे? किंमत वाढवली. विक्री थोडी पडली, पडू दे.

नद्यांबद्दल फार विचारतात. सुवर्णरेखेच्या काठी, छत्तीसगडात ईब नदीवर लोक लाकडी थाळे घेऊन खरंच सोनं धुतात. सोनझरा या जमातीचं नावच त्यावरून. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात वाकायचं आणि संध्याकाळी दाणा-दोन दाणे. तो छंद नाही. शिवाय कोणत्याही नदीत जाऊन खनिज काढायला कायद्याने परवाना लागतो. आम्ही सांगतो, घरी टबात धुवा. दहा लिटर पाणी पुरतं, तेच पुन्हा वापरा. बेसिनमध्ये मात्र नको! आमच्या स्वतःच्या घराचा पाइप दोनदा तुंबला आहे, प्लंबरने दुसऱ्या वेळी हसून पैसे घेतले.

आणि धुतलेली रेती फेकू नका, ती पुन्हा धुवा. आमच्याकडे कोणीही थाळा संपवला की आई त्याची टाकलेली रेती मागून घेते आणि त्यातून दोन-तीन टिकल्या काढून दाखवते. माझ्या रेतीतूनही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंगणात सहा टब मांडतो, ओळखीची कुटुंबं येतात. पुरुषमंडळी जोर लावतात आणि सोनं घालवतात, आज्या जिंकतात. माझी चाचणी पूर्णपणे निःपक्षपाती आहे असं मी म्हणत नाही, पण पाच दिवाळ्यांचा निकाल हाच आहे.

आता पॅकिंगला चौघीजणी आहेत, बायको आणि शेजारच्या तिघी. टेबलावर पांढरा कागद, बाजूला एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यांत हे किती अवघड आहे ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. शिंकायचं असेल तर बाहेर.

चाचा आता धुवत नाहीत, डोळे गेले. पण मागच्या दिवाळीआधी त्यांचा मुलगा आला आणि पॅकिंगच्या खोलीचा केर मागितला. आम्ही वर्षभर झाडून एका डब्यात ठेवला होता, सवयीने. अर्धा-अर्धा ठरलं. दोन दिवसांनी तो पुडी घेऊन आला आणि ती काट्यावर ठेवली. 740 मिलिग्रॅम. सदतीस डब्यांचं सोनं. चौघीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. चाचांच्या मुलाने खोलीच्या दाराशी वाकून पायपुसणं उचललं, नाकाशी नेऊन झटकल्यासारखं केलं, आणि न झटकता पुन्हा जागेवर ठेवलं. "अभी एक साल और," म्हणाला.